सही त्याची होती

धाकटी : ...आणि मी काही केलेलंच नाही, ताई. तेच तर सांगतेय. मी फक्त पाहिलं.

ताई : काय पाहिलंस ते पुन्हा सांग. सावकाश. इस्त्रीच्या नादात मी अर्धंच ऐकलं.

धाकटी : अर्धं ऐकलंस तेच बरं होतं.

ताई : सांग गं.

धाकटी : शुक्रवारी चार वाजता छापखान्यात माझी तपासलेली प्रुफं ठेवायला आमच्या मुख्य वाचकाच्या टेबलाशी गेले. तो मालकांच्या खोलीत होता. टेबलावर एका औषधाचं माहितीपत्रक होतं. लहान मुलांच्या तापाचं औषध. बाटलीच्या खोक्यात घडी करून घालतात ना, तो कागद. खाली त्याची सही. निळ्या शाईची, शेपटीवाली. त्याची सही झाली की कागद छपाईला मोकळा. आणि वर, दोन वर्षांखालच्या मुलांच्या रकान्यात लिहिलेलं, पंचवीस मिली.

ताई : किती?

धाकटी : पंचवीस. शेजारी ठेवलेल्या मूळ कागदात दोन दशांश पाच होतं. मधलं टिंब पडलं.

ताई : अडीचच्या जागी पंचवीस.

धाकटी : हो.

ताई : मग तू त्याला सांगितलंस.

धाकटी : इस्त्री उचल, कापड जळेल.

ताई : सांगितलंस ना?

धाकटी : नाही. माझी प्रुफं ठेवली, वर पेपरवेट ठेवला आणि जागेवर येऊन बसले. काल ते छापून झालं. चाळीस हजार प्रती. उद्या सकाळी सातला गाडी येते, कंपनीकडे जातील.

ताई : तू छापखान्यात आणि मी सरकारी दवाखान्यात, आयुष्यभर दोघी कागद बघत आलो. मी केसपेपर बघायची. तुला कळतंय ना तू काय सांगतेयस?

धाकटी : मला एवढंच कळतंय की सही त्याची आहे. मुख्य वाचक तो आहे, मी नाही. आठ महिन्यांपूर्वी मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘आता शेवटची नजर यांची.’ मग असू दे की त्यांची नजर. सव्वीस वर्षं त्या खोलीत मी डोळे फोडले, ताई. तो आला तेव्हा त्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नव्हतं. माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायचा. ‘बाई, हे कसं? बाई, ते कसं?’ अजूनही बाईच म्हणतो. तेच जास्त झोंबतं. आणि खुर्ची कुठली मिळाली माहितेय? खिडकीजवळची. तिथं उजेड डावीकडून येतो. लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. जुने मुख्य निवृत्त झाले की ती जागा माझी, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी तर धरलंच होतं.

ताई : तू कधी बोलली नाहीस.

धाकटी : काय बोलू? पन्नाशी उलटलेल्या बाईला खिडकी हवी होती म्हणून? तू हसली असतीस.

ताई : हसले नसते. बरं, पुढे.

धाकटी : पुढे काही नाही. लोक म्हणतात ना, करावं तसं भरावं. आमच्या त्या श्वासाच्या वर्गातही तेच सांगतात. प्रत्येकाचं कर्म प्रत्येकाबरोबर, दुसऱ्याच्या कर्मात ढवळाढवळ करू नका, आपलं मन शांत ठेवा. आठ महिने मी दर गुरुवारी डोळे मिटून बसतेय. मन कसलं शांत होतंय? डोळे मिटले की तो खिडकीशी बसलेला दिसायचा. आणि शुक्रवारी घरी आले, जेवले, आडवी झाले ती सकाळी सहालाच जाग आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. इतकं हलकं वाटलं. म्हटलं, बघ, आपण काही न करता निवाडा झाला.

ताई : मग आज का आलीस?

धाकटी : का म्हणजे? रविवारी येतेच मी.

ताई : रविवारी येतेस ती पाचला. आत्ता दोन वाजलेत, तू जेवलेली नाहीस आणि मघापासून त्याच शर्टाचं तेच बटण लावतेयस आणि काढतेयस.

धाकटी : शर्ट सैल आहे.

ताई : ताप उतरला की पेशंट शांत होतो. अंगातलं रक्त जात आलं तरी शांतच होतो. नवीन नर्सला दोन्ही सारखेच दिसतात. ती म्हणते, ‘झोपलाय, झोपू द्या.’ तुझी शुक्रवारची झोप कुठली होती ते तुझं तू बघ.

धाकटी : झाली तुझी नर्सगिरी सुरू.

ताई : दुसरं काही येत नाही मला. आता मला सांग, करावं तसं भरावं. चूक त्याने केली. भरणार कोण?

धाकटी : तोच. नाव जाईल, खुर्ची जाईल.

ताई : ते नंतर. आधी पंचवीस मिली कुणाच्या पोटात जाणार?

धाकटी : असं होत नाही, ताई. कुठली आई दीड वर्षाच्या मुलाला एवढं औषध पाजेल? बघूनच कळतं.

ताई : मला कळतं. तुला कळतं. पहिलटकरणीला नाही कळत. मूल तापलेलं, रडतंय, नवरा बाहेर, ती कागद उलगडते आणि बोट ठेवून वाचते. एकीकडे तिचा जीव सांगतो की हे जास्त आहे. दुसरीकडे छापील अक्षर. ती छापील अक्षराचं ऐकते. तुमच्यासारख्यांनी तपासलेलं असतं ना ते.

धाकटी : कंपनीच्या माणसाचीही सही होती त्यावर.

ताई : त्याने तुमची सही बघून केली असेल. दवाखान्यातही असंच चालायचं. वरची सही बघून खालची. आणि या औषधाचं सांगू? पहिल्या दिवशी ताप उतरतो. घरचे खूश. मूल थोडं मलूल असतं, म्हणतात अशक्तपणा आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे. असं एक मूल माझ्या हातात होतं. त्याच्या आजीने झाकण समजून पेला भरून दिला होता. माझ्या नोकरीची पस्तीस वर्षं झाली, त्यातली बरीच विसरले. ते नाही विसरले.

धाकटी : वाचलं का ते?

ताई : तू फोन करणार असशील तर सांगते, नसशील तरीही सांगते. नाही वाचलं. त्याचं कुठलं कर्म होतं? सांग ना, तुमच्या गुरुवारच्या वर्गात काय सांगतात?

धाकटी : माझ्या अंगावर का येतेस?

ताई : कारण तू कर्माला वॉचमन करून दारात बसवलंयस. तो म्हणतो, आत कुणी नाही. आणि तू आत बसलीयस.

धाकटी : मी वाईट नाही गं.

ताई : मी कुठं म्हटलं? मनात आलं, त्याला इलाज नाही. मनात काय वाटेल ते येतं. शिंक आल्यासारखं येतं. पण शुक्रवारी चार वाजता तू वाचलंस आणि त्यावर काही न बोलता पेपरवेट ठेवलास. ते मनातलं नव्हे. ते हाताने केलेलं आहे.

धाकटी : माझ्या प्रुफांवर ठेवला. त्याच्या कागदावर नाही.

ताई : बरं.

धाकटी : तुला काय कळणार? तुला कधी कुणाचा हेवा वाटलाय? तू आपली सेवाभावी. सगळ्या गल्लीची ताई.

ताई : तुझा वाटलाय.

धाकटी : माझा?

ताई : तुझ्या कॉलेजचं पत्र आलं होतं ना, राहण्या-जेवणासकट सगळं देतो म्हणून? ते माझ्या हाती पडलं. घरात कुणी नव्हतं. माझं शिक्षण दोन वर्षांआधी बंद झालेलं, वडील अंथरुणावर, मी नर्सिंगला नाव घातलेलं कारण तिथं पहिल्या दिवसापासून हातात काहीतरी पडायचं. मी ते पत्र उघडलं, वाचलं आणि पिठाच्या डब्यात खुपसलं. वरून पीठ हाताने सारखं केलं.

धाकटी : त्या पत्राला पीठ लागलं होतं. मला आठवतंय. मला वाटलं पोस्टमनच्या पिशवीत काही सांडलं असेल.

ताई : पोस्टमन बिचारा.

धाकटी : किती दिवस ठेवलंस?

ताई : दिवस कसले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पण उत्तर कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ते मी वाचलं होतं.

धाकटी : मग काढलंस का?

ताई : आईने पीठ मागितलं.

धाकटी : म्हणजे तुला दया आली म्हणून नाही.

ताई : नाही. आई डब्याला हात घालणार म्हणून मी आधी घातला. ती पीठ मागायला आली नसती तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. तू शिकलीस, पहिली आलीस, पेढे... जाऊ दे, सगळे तुझं कौतुक करत होते आणि मीही करत होते. तेव्हाही आत जळतच होतं. पाच-सहा वर्षं जळलं. मग कधी विझलं ते कळलंही नाही.

धाकटी : तीस-पस्तीस वर्षांत सांगितलं नाहीस.

ताई : आज गरज पडली. एवढंच सांगायचंय की मन शांत होऊ दे, मग करीन, असं म्हणत बसू नकोस. हात आधी हलव. मन मागनं येईल. नाही आलं तर नाही येणार. पण मूल तर वाचेल.

धाकटी : त्याला फोन केला तर तो वाचतो, ताई. खुर्ची वाचते त्याची. मी स्वतःच्या हाताने त्याला खिडकीत नीट बसवून द्यायचं.

ताई : हो.

धाकटी : तू निदान ‘असं नाही गं’ तरी म्हण.

ताई : कशाला म्हणू? तसंच आहे. फोन तिथं, भिंतीपाशी चार्जिंगला लावलाय बघ. मलाही ऐकू येईल असा लाव. नाहीतर अर्धं बोलून ठेवशील.

मुख्य वाचक : बाई? आज रविवारी कसा काय फोन? सगळं ठीक आहे ना?

धाकटी : ते तापाचं औषध. त्याचं माहितीपत्रक. गाडी थांबवा.

मुख्य वाचक : कुठलं? काल छापलं ते? का, काय झालं?

धाकटी : दोन वर्षांखालच्या मुलांचा रकाना. तुमच्याकडे घरी प्रत आहे का?

मुख्य वाचक : पिशवीत असेल बहुतेक. थांबा हं. म्हणजे मी प्रत्येक कामाची एक प्रत घरी आणतो, तुम्हीच लावलेली सवय. हा, सापडली. दोन वर्षांखालील... पंचवीस... अरे देवा.

धाकटी : दोन दशांश पाच हवं.

मुख्य वाचक : माझी सही आहे यावर.

धाकटी : आहे.

मुख्य वाचक : बाई, थांबा, मला जरा बसू द्या. म्हणजे उद्या सातला हे... मी आत्ता मालकांना फोन करतो. गोदामाची किल्ली माझ्याकडे आहे, मी स्वतः जाऊन गठ्ठे बाजूला काढतो. बाई, तुम्हाला काय म्हणू? तुम्ही होतात म्हणून. मी आठ महिने घरी हेच सांगतोय की खुर्ची माझी असली तरी डोळा बाईंचा आहे. आज सुट्टीच्या दिवशीही तुम्ही बसून तपासत होतात. दुसरं कुणी केलं नसतं.

धाकटी : हं.

मुख्य वाचक : मी मालकांना सांगतो की हे बाईंनी पकडलं. अगदी याच शब्दांत सांगतो.

धाकटी : बरं.

मुख्य वाचक : ठेवू? मी निघतो.

धाकटी : थांबा.

मुख्य वाचक : हो?

धाकटी : मी आज नाही पाहिलं.

मुख्य वाचक : म्हणजे?

धाकटी : शुक्रवारी पाहिलं. चार वाजता. तुमच्या टेबलावर. छपाईला जायच्या आधी.

मुख्य वाचक : मला समजलं नाही, बाई.

धाकटी : समजलंय तुम्हाला.

मुख्य वाचक : शुक्रवारी साडेचारला आपण चहा घेतला. तुम्ही माझ्यासमोर बसला होतात. मी तुम्हाला माझ्या मुलीच्या शाळेचं सांगत होतो.

धाकटी : हो.

मुख्य वाचक : आणि तुम्हाला ठाऊक होतं.

धाकटी : ठाऊक होतं.

मुख्य वाचक : बुधवारी मी तेच प्रूफ तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. वर चिठ्ठी लावली होती, ‘औषधाचं आहे, एकदा नजर घालाल का?’ ते न वाचताच परत आलं. चिठ्ठीखाली तुम्ही लिहिलं होतं, ‘मुख्यांनी पाहिलं की पुरे.’

धाकटी : लिहिलं होतं.

मुख्य वाचक : मी ती चिठ्ठी फाडून टाकली. कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

धाकटी : फाडायला नको होती.

मुख्य वाचक : हे मला मालकांना सांगावं लागेल. माझीही चूक आणि तुमचंही हे. मी लपवणार नाही, बाई. म्हणजे, आज नाही लपवू शकणार.

धाकटी : लपवू नका. आधी गोदामात जा.

ताई : ठेवला त्याने?

धाकटी : ठेवला. नमस्कार न म्हणता ठेवला. आजपर्यंत असं झालं नव्हतं.

ताई : मधे तू ‘बरं’ म्हणालीस तेव्हा माझी इस्त्री हातातच राहिली.

धाकटी : मलाही वाटलं, राहू दे असंच. त्याने स्वतःच हार आणून गळ्यात घातला होता. काढवेना.

ताई : आता कसं वाटतंय?

धाकटी : शांत-बिंत काही वाटत नाहीये.

ताई : उपाशी आहेस. ताट वाढते.

(मंगळवार सकाळ. छापखान्याच्या वाचनखोलीत दोन टेबलं जोडलेली. तो मूळ कागद मोठ्याने वाचतो, ती प्रुफावर बोट ठेवून पडताळते.)

मुख्य वाचक : थांबू का जरा? घसा बसला.

धाकटी : पाणी घ्या. गठ्ठे गेले का?

मुख्य वाचक : काल दुपारी लगद्याच्या कारखान्यात. चाळीस हजार. मी मोजून चढवले आणि गाडीबरोबर गेलो. एकही मागे राहायला नको होता.

धाकटी : मालक मला काल म्हणाले, ‘वर्षभर तुमची सही चालणार नाही. तपासायचं तुम्ही, सही यांची.’ नोकरी ठेवली तेच खूप, असंही म्हणाले.

मुख्य वाचक : माझं राजीनाम्याचं पत्र मालकांच्या कपाटात गेलंय. पुन्हा एक चूक, की ते बाहेर येणार. आणि औषधाचं काहीही असलं तरी दोघांनी मोठ्याने वाचायचं, हा नियम.

धाकटी : हा नियम मी बारा वर्षांपूर्वी सुचवला होता.

मुख्य वाचक : मला माहीत आहे. मी स्टुलावर बसलो होतो तेव्हा.

धाकटी : तुम्ही माझ्याशी बोलताय ते कामापुरतं की...

मुख्य वाचक : कामापुरतं. खरं सांगतो, बाई. मला अजून तुमच्याकडे नीट बघता येत नाही. काल मुलीला खोकला झाला तर बायकोने औषध ओतलं, मी तिच्या हातातून पेला काढून घेतला. तीन वेळा मोजलं.

धाकटी : मी माफी मागू का?

मुख्य वाचक : आज नको. आज मला ‘असू दे’ म्हणावं लागेल आणि तसं वाटत नाहीये.

धाकटी : बरं. मग नाही मागत.

मुख्य वाचक : आणखी एक आहे. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. सकाळी औषध कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या मोठ्या साहेबांचं. ‘आपल्या मुख्य वाचकांच्या दक्षतेमुळे मोठा अनर्थ टळला’ असं. माझं नाव घालून.

धाकटी : तुमच्या दक्षतेमुळे.

मुख्य वाचक : मालकांनी त्यांना एवढंच कळवलं होतं की चूक आमच्याकडे सापडली. कुणाला, कधी, ते नाही कळवलं. त्यांनी आपलं माझं नाव घातलं.

धाकटी : बघू.

मुख्य वाचक : हे घ्या.

धाकटी : कागद जाड वापरलाय. ‘दक्षते’तला क्ष नीट उठलाय.

मुख्य वाचक : मला हे घरी न्यायची लाज वाटते. मी त्यांना उत्तर लिहू शकतो. शुक्रवारचं काढायची गरज नाही. ‘ही चूक आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी रविवारी सुट्टीच्या दिवशी लक्षात आणून दिली’ एवढंच. यात खोटं काही नाही. लिहू का?

धाकटी : खोटं काही नाही.

मुख्य वाचक : शब्दन् शब्द खरा आहे.

धाकटी : सव्वीस वर्षांत बाहेरच्या कुणी माझं नाव कागदावर लिहिलेलं नाही, ठाऊक आहे? प्रूफ वाचणाऱ्याचं नाव कुठं छापतात? तुम्हाला आठ महिन्यांत आलं. तेही तुम्ही चुकलात त्या कामासाठी. आत्ता हे वाचतानाही मला तुमचा हेवा वाटला. रविवारी इतकं सगळं झालं, काल मालकांसमोर उभी राहिले, म्हटलं आता तरी हे गेलं असेल. कुठलं जायला? जसंच्या तसं आहे.

मुख्य वाचक : मग लिहू?

धाकटी : ‘लिहा’ म्हणायला जीभ वळवळतेय.

मुख्य वाचक : मी वाईट मानणार नाही.

धाकटी : नका लिहू. घ्या हे पत्र. घरी न्या किंवा नेऊ नका, माझ्या डोळ्यांसमोर मात्र ठेवू नका.

मुख्य वाचक : खणात ठेवतो. बाई, तुम्ही त्या बाजूला बसलात की प्रुफावर तुमच्या हाताची सावली पडतेय. टेबल फिरवून घेऊ का?

धाकटी : राहू दे. दिसतंय मला. घसा बरा झाला का?

मुख्य वाचक : झाला. कुठं होतो आपण?

धाकटी : सहा ते बारा वर्षांचा रकाना. सुरुवातीपासून वाचा, मी ऐकतेय.